मधल्या दिवसांचा हिशेब

हवानातल्या कार्लोस फिनले या डॉक्टरने १८८१ मध्येच पीतज्वराचा डास ओळखला होता. आज ज्याला आपण एडिस इजिप्ती म्हणतो, तोच. पीतज्वराच्या रुग्णाचे रक्त प्यायलेला डास तो निरोगी माणसाला चावू देई आणि ताप येतो का ते पाही. हे त्याने पुढे वर्षानुवर्षे केले, पण समोरच्याला गप्प बसवेल असा पुरावा काही हाती लागला नाही. जवळपास वीस वर्षे त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. त्याचा डास बरोबर होता, रोग बरोबर होता. चुकत होते ते दिवस. रुग्णाला चावलेला डास तो थोड्याच दिवसांत दुसऱ्याला चावायला लावत असे, आणि तोवर डासाच्या अंगात रोग ‘पिकलेला’च नसे.

संसर्ग शरीरात कसा पसरतो, या अभ्यासाचा इतिहास मला या मधल्या दिवसांचा इतिहास वाटतो. चावा आणि ताप यांच्यामध्ये, किंवा एका चाव्यापासून दुसऱ्या चाव्यापर्यंत, काहीच घडत नाही असे दिसणारे दिवस असतात. ज्यांनी ते मोजले त्यांना वाट सापडली. ज्यांनी ते सोडून दिले त्यांच्या हातून अगदी जवळ आलेले उत्तर निसटले.

पीतज्वराचे मोजमाप केले ते हेन्री रोझ कार्टर या अमेरिकी डॉक्टरने, १८९८ मध्ये, मिसिसिपी राज्यातल्या ऑरवूड आणि टेलर या दोन छोट्या वस्त्यांत. मोठ्या शहरात साथ आली की कोणाचा रोग कोणाला लागला हे कळणे अशक्य. इथे शेतावरची घरे एकमेकांपासून लांब होती, कोण कोणाच्या घरी कधी गेले ते लोकांना ठाऊक होते. कार्टरने घराघरातून तारखा गोळा केल्या. पहिला रुग्ण घरात आजारी पडल्यावर लगेच येऊन गेलेले पाहुणे सुखरूप राहिले. दोन-तीन आठवड्यांनी त्याच घरात गेलेली माणसे मात्र आजारी पडली, आणि तीही थोड्याच दिवसांत, रुग्ण स्वतः तिथून हललेला किंवा मेलेला असला तरी. म्हणजे रोग माणसाच्या अंगात वाढायला आठवडाही पुरतो. बाकीचे दिवस तो माणसाबाहेर कुठेतरी काढतो. कुठे, ते कार्टरने सांगितले नाही. पण या कालावधीला त्याने बाहेरचा अधिशयन काळ (रोग माणसाबाहेर पिकायला लागणारे दिवस) म्हटले, आणि पीतज्वराचा छडा लावायला नेमलेल्या वॉल्टर रीडच्या अमेरिकी लष्करी आयोगाला १९०० मध्ये क्युबात नेमकी हीच किल्ली मिळाली. डासांची अंडी त्यांना खुद्द फिनलेने दिली. २७ ऑगस्टला आयोगातल्याच जेम्स कॅरोलने जो डास स्वतःला चावू दिला, तो बारा दिवसांपूर्वी पीतज्वराच्या रुग्णाचे रक्त प्यायला होता. कॅरोल मरता मरता वाचला. त्याचा सहकारी जेसी लाझिअर सप्टेंबरमध्ये पीतज्वरानेच गेला. मधले बारा दिवस मानवजातीला इतके महाग पडले.

या गोष्टीची सुरुवात मात्र वीस-बावीस वर्षे आधीची आहे. पॅट्रिक मॅन्सन हा ब्रिटिश डॉक्टर चीनमधल्या अमॉय बंदरात नोकरीला होता. हत्तीरोगाच्या जंतांची सूक्ष्म पिल्ले माणसाच्या रक्तात फिरतात, हे तोवर कळले होते; कोलकात्यात टिमोथी लुईसने ती १८७२ मध्ये पाहिली होती. १८७७ मध्ये मॅन्सनने जंताची लागण असलेल्या एका माणसाला मच्छरदाणीत डासांमध्ये झोपवले आणि रक्त पिऊन टम्म झालेले डास एकेक करून फाडले. पिल्ले डासाच्या पोटातून बाहेर पडून छातीच्या स्नायूंत शिरत होती आणि तिथे वाढत होती. रोगाचे बीज कीटकाच्या अंगात जगते आणि वाढते, हे तेव्हा पहिल्यांदा दिसले. मग रात्रंदिवस दर काही तासांनी रुग्णांच्या रक्ताचे थेंब तपासायला लावले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. दिवसा रक्तात पिल्लू सापडत नसे. संध्याकाळी ती दिसू लागत, मध्यरात्रीच्या सुमारास गर्दी करत, पहाटे ओसरत. डास चावायची वेळ आणि पिल्ले कातडीखाली यायची वेळ एकच. लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झीने १८८१ मध्ये एका रुग्णाची झोपच उलटी केली, दिवसा झोप आणि रात्री जाग, तर काही दिवसांत पिल्लांचे घड्याळही उलटे झाले. दिवसा ती कुठे असतात, तेही पुढे कळले: फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून.

इतके पाहूनही मॅन्सन शेवटच्या पायरीवर घसरला. डास एकदाच रक्त पितो, अंडी घालून पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला जंत लागतो, असे त्याने मानले. आणखी थोडे दिवस डास जिवंत ठेवले असते तर पिल्ले सोंडेकडे निघालेली दिसली असती. ती १९०० मध्ये जॉर्ज कारमायकल लो याने सोंडेतच पाहिली, तोवर तेवीस वर्षे गेली होती.

रोनाल्ड रॉसची कहाणी आपल्याकडे शाळेत शिकवतात, पण त्यातला दिवसांचा धागा बहुधा वगळूनच. १८९७ चा ऑगस्ट, सिकंदराबाद. उकाडा असह्य, आणि पंखा लावता येत नाही, कारण फाडलेले डास उडून जातात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला दर चाव्यामागे एक आणा देऊन त्याने ठिपकेदार पंखांच्या थोड्या डासांना रक्त पाजले. काही डास मेले, काही आधीच फाडून झाले. २० ऑगस्टला, रक्त प्यायल्यानंतर चौथ्या दिवशी, जठराच्या भिंतीत त्याला काही गोल पेशी दिसल्या, आणि त्यात काळसर रंगाचे कण होते. हेच कण हिवतापाच्या परजीवीत असतात. दुसऱ्या दिवशी त्याने राहिलेला डास फाडला. पेशी कालच्यापेक्षा मोठ्या होत्या. माझ्या मते शोध या दुसऱ्या दिवशी लागला. पहिल्या दिवशी दिसले ते काहीही असू शकले असते. एका रात्रीत वाढले म्हणजे ते जिवंत आहे आणि इथेच राहते आहे. पुढच्या वर्षी जुलैत, कोलकात्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना, त्याने बाकीचा रस्ता शोधला: गोल पेशी फुटते, त्यातून निघालेले बारीक दोऱ्यासारखे जीव डासाच्या अंगभर पसरतात आणि अखेर लाळग्रंथीत गोळा होतात. माणसाच्या हिवतापाचे हेच सगळे चक्र त्याच वर्षी इटलीत ग्रासी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली यांनी अ‍ॅनॉफेलिस डासात दाखवले.

कीटक म्हणजे रोग्याच्या रक्ताने माखलेली उडती सुई, हा समज यानंतर मोडायला हवा होता. तो अजूनही पुरता मोडलेला नाही. सुईने रोग लगेच लागतो; कीटकात मात्र रोगाला एकामागून एक दारे उघडावी लागतात. त्यातले सर्वांत मोठे दार आतड्याची भिंत. हे सिद्ध करणारा प्रयोग माणसाच्या रोगावर झालाच नाही, मक्यावर झाला, आणि म्हणून कदाचित त्याची आठवण कमी निघते. पूर्व आफ्रिकेत अमानी इथे हॅरॉल्ड स्टोरी मक्यावरच्या एका विषाणूचा अभ्यास करत होता. हा विषाणू तुडतुड्यांमार्फत पसरतो. स्टोरीच्या लक्षात आले की एकाच जातीच्या तुडतुड्यांत दोन घराणी आहेत: एक रोग पसरवते, दुसरे तोच रस पिऊनही पसरवत नाही. १९३३ मध्ये त्याने दुसऱ्या घराण्यातल्या तुडतुड्यांच्या पोटात अगदी बारीक सुई टोचली. इतक्या लहान किड्याच्या आतड्याला भोक पाडायचे आणि तो जगलाही पाहिजे, म्हणजे हात किती स्थिर लागला असेल! टोचलेले तुडतुडे रोग पसरवू लागले. विषाणू आधीही पोटात होताच. त्याला भिंत ओलांडता येत नव्हती, एवढेच. दोन वर्षांनी घोड्यांच्या मेंदूज्वराच्या विषाणूबाबत डासांमध्ये हेच दिसून आले.

डेंग्यूचा विषाणूही याच वाटेने जातो. रक्ताबरोबर आत आलेला विषाणू आधी आतड्याच्या पेशींत शिरतो, तिथे वाढतो, त्या पेशींतून पलीकडे डासाच्या शरीरद्रवात उतरतो, चरबीच्या ऊतींत आणि चेतापेशींत पसरतो, लाळग्रंथीत घुसतो आणि शेवटी लाळेत उतरतो. यातले कुठलेही दार न उघडणारे डास असतातच, आणि ते रक्त पिऊनही निरुपद्रवी राहतात. २५ ते २८ अंश सेल्सिअसला या प्रवासाला साधारण आठ ते बारा दिवस लागतात, गारव्यात जास्त.

आणि डासाचे आयुष्यच काही आठवड्यांचे. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्डने हिवतापाचे गणित मांडताना बोट ठेवले ते इथे. समजा रोज शंभरातले नव्वद डास जगतात. बारा दिवसांनी सुमारे अठ्ठावीस उरतील. रोज नव्वदऐवजी ऐंशीच जगले, तर बारा दिवसांनी उरतील जेमतेम सात. डासांची संख्या निम्मी केली तर धोका निम्मा होतो, पण त्यांचे रोजचे जगणे थोडेसे अवघड केले तर चौथ्या हिश्शावर येतो. घराच्या भिंतींवर औषध फवारण्यामागचे तर्कशास्त्र हेच, कारण रक्त पिऊन जड झालेली मादी तिथेच टेकते.

सगळेच रोग असे पूर्ण शरीर फिरून येत नाहीत. प्लेगचा जिवाणू पिसवाच्या आतड्याबाहेर पडतच नाही. पॉल-लुई सिमाँने कराचीत १८९८ मध्ये पिसवांचा संबंध दाखवला, तेव्हा अनेकांनी तो हसण्यावारी नेला. पिसू नेमकी काय करते हे बेकट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये शोधले. जिवाणूंचा गोळा पिसवाच्या जठराच्या तोंडाशी बोळ्यासारखा बसतो. रक्त आत जात नाही, पिसू उपाशी राहते, वेड्यासारखी चावत सुटते आणि दर चाव्याला बोळ्याला आपटलेले रक्त जिवाणूंसकट उलट जखमेत जाते. टायफसच्या उवेत जंतू विष्ठेवाटे बाहेर येतो आणि माणूस खाजवून तो आपणच आत घालतो. गुरांच्या एका तापात तर स्मिथ आणि किल्बोर्न यांना १८९३ मध्ये दिसले की रोग गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. गाईला चावणारे पिल्लू कधी आजारी जनावराजवळ गेलेलेच नसते.

आता माणसाच्या, आणि एकूण पाठीच्या कण्याच्या प्राण्यांच्या अंगातले मधले दिवस. ताप येण्याआधी विषाणू काय करत असतो? फ्रँक फेनरने मेलबर्नमध्ये उंदरांच्या देवीच्या रोगावर याचे उत्तर शोधले आणि १९४८ मध्ये छापले. पद्धत साधी, चिकाटीची. उंदरांच्या पायाच्या तळव्यात विषाणूचा अगदी थोडा अंश टोचायचा, मग रोज काही उंदीर मारून एकेका अवयवात विषाणू किती ते मोजायचे. साधारण आठवडाभर उंदीर ठणठणीत दिसतो. पण त्या आठवड्यात विषाणू तळव्यातून जवळच्या लसिका ग्रंथीत, तिथून रक्तात, रक्तातून यकृत आणि प्लीहेत पोचतो. तिथे प्रचंड वाढून पुन्हा रक्तात ओततो आणि मग कुठे कातडीवर पुरळ उठते. पुरळ म्हणजे आजाराची सुरुवात नसते, ते जवळपास शेवटचे ठाणे असते. पोलिओतही असाच चुकीचा दिवस पाहिला जात होता. लकवा आल्यावर रक्त तपासायचे, त्यात विषाणू नाही म्हणून तो रक्तातून जातच नाही असे मानायचे. १९५२ मध्ये डोरोथी हॉर्स्टमन आणि डेव्हिड बोडियन यांनी वेगवेगळे काम करून लकव्याच्या कितीतरी दिवस आधीचे रक्त तपासले आणि विषाणू सापडला. रक्तातून जातो म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांनी अडवता येतो. लस काम करील, हा विश्वास त्यातून बळावला.

सर्वांत हट्टी कोडे पुन्हा हिवतापाचे. १९०३ मध्ये फ्रिट्झ शाउडिनने जाहीर केले की डासाने सोडलेला परजीवी थेट रक्तपेशीत घुसताना आपण पाहिला आहे. त्याचे नाव मोठे होते आणि पाठ्यपुस्तकांनी ते चार दशके तसेच छापले. मग चाव्यानंतर आठवडाभर रक्तात काहीच का दिसत नाही? दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या केर्न्स शहरात नील फेअरली याने स्वयंसेवक सैनिकांवर याची कसोटी लावली. चावा घेतलेल्या माणसाचे रक्त ठराविक वेळांनी दुसऱ्याला द्यायचे. अर्ध्या तासापर्यंतच्या रक्ताने हिवताप होई. त्यानंतर जवळपास आठवडाभर कोणत्याच रक्ताने होत नसे. परजीवी रक्तातून अक्षरशः नाहीसा होत होता. १९४८ मध्ये लंडनमध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी एका माकडाला शेकडो लागण झालेले डास चावू दिले, शिवाय तेच डास वाटून टोचले आणि सातव्या दिवशी त्याच्या यकृतात परजीवी सापडले. लवकरच एका स्वयंसेवकाच्या यकृतातही ते दिसले.

त्यातही एक पोटप्रश्न उरला होता: व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप बरा झाल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी, डास न चावताच का उलटतो? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वोयचेक क्रोटोस्की आणि त्याच्या सहकाऱ्यांना यकृताच्या पेशींत वाढ थांबवून बसलेले एकेकटे परजीवी दिसले. त्यांना झोपलेले जीव अशा अर्थाचे नाव मिळाले. रक्तातला परजीवी मारणारे क्लोरोक्विन त्यांना शिवतही नाही, म्हणून व्हायवॅक्सच्या रुग्णाला प्रायमाक्विन वेगळे द्यावे लागते, आणि ताप उतरला तरी गोळ्यांचा क्रम पुरा करावा लागतो.

हॉलंडमध्ये पूर्वी व्हायवॅक्सचा जो वाण होता, त्याची लागण शरद ऋतूत घराच्या उबेत मुक्काम करणाऱ्या डासांपासून होई आणि माणूस पहिल्यांदा तापाने फणफणे तो पुढच्या वसंतात किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी, साधारण आठ महिन्यांनी, बाहेर डासांची नवी पिढी उडू लागे तेव्हा.