चवथीच्या रात्रीचे सिनेमे आणि घरातली हवा

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी सगळं गणगोत जमतं. आरत्या आणि जेवणं आटोपली की कुणीतरी प्रोजेक्टर काढतं आणि रात्रभरात तीन-चार सिनेमे बघायचा बेत ठरतो. तो बिघडतो बहुधा ठरावीक क्रमाने. आधी चित्र धूसर येतं, मग ओठ आणि शब्द जुळत नाहीत, तिसऱ्या सिनेमाला निम्मी मंडळी पेंगते आणि पॉपकॉर्न चामट होतात. दोष यंत्रांवर जातो, पण यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ हवेत आहे.

धूसर चित्रापासून सुरुवात करू. भाद्रपदातल्या रात्री तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. याहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरतं. एसी लावलेल्या गाडीतून किंवा खोलीतून आणलेल्या प्रोजेक्टरचं भिंग २२-२३ अंशांवर असतं, त्यामुळे पिशवी उघडताच ते घामेजतं. अशा वेळी कापडाने पुसू नये. धुळीचे कण ओल्या काचेवर घासले जातात आणि आतल्या आरशांवरचं पाणी तर पुसताच येत नाही. प्रोजेक्टर बंद पिशवीतच तासभर घरात राहू द्यावा, तो खोलीइतका उबदार झाला की मगच पिशवी उघडावी. ओलसर असताना वीज जोडू नये. एरवी तो हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्यांसोबत) ठेवावा, कारण पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या भिंगावर बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप कुरतडते.

आता माणसांच्या श्वासाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत ६० घनमीटर हवा मावते. तिथे बारा जण दारं-खिडक्या लावून बसले, तर या वायूचं प्रमाण तासाला दर दहा लाख भागांमागे ३,६०० भागांनी वाढेल. बाहेरच्या हवेत ते सुमारे ४२० असतं. म्हणजे श्रेयनामावली सरते न सरते तोच, दहा मिनिटांत, खोली हजाराच्या वर जाते. फटींमधून थोडी हवा खेळते म्हणून प्रत्यक्षातला वेग कमी असतो, पण कोंदटपणा, जडपणा आणि डोकं दुखणं सुरू व्हायला तेवढं पुरतं. जागरणाची झोप येणारच, ही तिच्यात भर.

एसीने हे सुटत नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. बारा माणसांसाठी प्रमाण हजारावर रोखायचं, तर तासाला सुमारे ३७० घनमीटर ताजी हवा लागेल. पण पावसाळ्यात तेवढी हवा आत घेतली की तिच्यातून तासाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी एसीला काढावं लागतं. त्या एका कामालाच अडीच किलोवॉट थंडावा खर्च होतो. वर प्रत्येक माणूस शंभरेक वॉट उष्णता देतो, म्हणजे बारा जणांचे १.२ किलोवॉट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट थंडावा देतो, त्यामुळे हिशेब जमतच नाही. म्हणून आठ-दहाहून जास्त माणसं असतील तर एसीचा नाद सोडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोप्यावर किंवा राजांगणाला (घरातल्या मधल्या चौकाला) लागून असलेल्या खोलीत समोरासमोरच्या खिडक्या उघडून बसावं आणि पंखे लावावेत. डासांच्या जाळीने हवा अडते, तेव्हा एका खिडकीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवावा. दोन सिनेमांच्या मध्ये पंधरा मिनिटं सगळ्यांनी अंगणात फिरून यावं.

देवापुढची समई मात्र विझवायची गरज नाही. १०० इंची पडदा २.२ मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असतो. त्यावर थिएटरइतका उजेड पाडायला खरेखुरे ४१५ ल्युमेन (प्रोजेक्टरमधून निघणारा एकूण उजेड) पुरतात, म्हणजे पडद्यावर सुमारे १५० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड). पाच वातींच्या समईचा उजेड चार मीटरवर फार तर ०.३ लक्स भरतो. उलट ट्यूबलाइटचे ५० लक्स पडद्यावर पडले, तर पांढरा भाग काळ्याच्या जेमतेम चौपट उजळ दिसतो आणि रात्रीचे प्रसंग राखाडी होतात. माटोळीभोवतीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाभोवतीच्या) लुकलुकत्या माळा तेवढ्या बंद कराव्यात. धूप-अगरबत्ती आरतीपुरतीच असावी. धुराचे कण किरण विखुरतात आणि प्रोजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतात.

ओठ-शब्दांच्या विसंगतीला बहुतेक वेळा ब्लूटूथ स्पीकर कारणीभूत असतो. आवाज बांधून, पाठवून, उलगडायला त्याला ०.१५ ते ०.२५ सेकंद लागू शकतात. २८ अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला ३४८ मीटर जातो, म्हणजे ०.२ सेकंदांचा उशीर हा सत्तर मीटर दूर बसून ऐकण्यासारखा आहे. आवाज १२५ मिलिसेकंदांहून जास्त मागे पडला की लक्षात येतं, पुढे धावला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं. विजेनंतर गडगडाट ऐकायची आपल्याला सवय आहे, आधी ऐकायची नाही. स्पीकर वायरीने जोडावा. त्यानंतर आवाज पुढे जात असेल, तर प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो आहे असं समजावं. त्याचा गेम मोड, म्हणजे ही प्रक्रिया कमी करणारी सेटिंग, लावून पाहावा. विंडोजवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'के' दाबला की आवाज ५० मिलिसेकंदांनी मागे येतो, 'जे' दाबला की तेवढाच पुढे. कौलांवर पाऊस कोसळू लागला की आवाज वाढवण्याऐवजी स्पीकर माणसांजवळ आणावेत. उघड्यावर अंतर निम्मं केलं की ध्वनी ६ डेसिबलने वाढतो, घरात थोडा कमी, आणि शेजाऱ्यांना त्रास होत नाही. निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

राहिले पॉपकॉर्न. दाण्यातलं १३-१४ टक्के पाणी १८० अंशांच्या सुमारास वाफेच्या दाबाने कवच फोडतं. घाण्याचं खोबरेल त्याच्या थोडं आधीच धुरकटायला लागतं, म्हणून रिफाइंड खोबरेल घ्यावं. १०० ग्रॅम दाण्यांना तीन मोठे चमचे तेल पुरे. पातेलं हलवत राहावं आणि झाकण किंचित कलतं ठेवावं, नाहीतर कोंडलेली वाफ लाह्यांतच मुरते. मीठ आधी अजिबात घालू नये. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं, आणि चवथीच्या दिवसांत ती क्वचितच त्याखाली असते. गरम वाफ निघून गेली की लाह्या घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात आणि प्रत्येक सिनेमापुरत्याच काढून, वाढताना बारीक दळलेलं मीठ भुरभुरावं.