पल्स ऑक्सिमीटर

पल्स ऑक्सिमीटर : रोहिणीतील (हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीतील) रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता, म्हणजे ऑक्सिजन धारण केलेल्या हीमोग्लोबिनचे शेकडा प्रमाण, त्वचा न टोचता, प्रकाशाच्या साहाय्याने दाखविणारे उपकरण. ते बोटाला किंवा कानाच्या पाळीला लावतात.

शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. कार्ल माथेस यांनी १९३५ च्या सुमारास दोन तरंगलांबींचा प्रकाश वापरणारे कानाचे उपकरण बनविले. ग्लेन मिलिकन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी हलके उपकरण सिद्ध केले. अर्ल वुड यांनी पुढे त्याला कान दाबून रक्तहीन करण्याची सोय जोडली. काही लेखक या परंपरेलाच मूळ मानतात. मात्र या उपकरणांत ऊती, नीला (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या) आणि रोहिणी यांतील प्रकाशाचे शोषण एकत्रच मोजले जाई. रोहिणीचे शोषण नेमके वेगळे करण्याची युक्ती जपानमधील निहोन कोहडेन कंपनीतील ताकुओ आओयागी यांची. रक्तात सोडलेले रंगद्रव्य किती विरळ होते यावरून हृदयाचे रक्तोत्सर्जन (हृदय दर मिनिटाला बाहेर टाकते ते रक्त) मोजताना नाडीचे स्पंद अडथळा आणत. ते दुसऱ्या तरंगलांबीने निरस्त करू पाहता संपृक्तता बदलली की निरसन बिघडते, असे त्यांना दिसले. स्पंद रोहिणीतील रक्ताचे असल्याने हा अडथळाच त्यांनी मापनाचा आधार केला. त्यांचा पेटंट अर्ज मार्च १९७४ मधला. जेमतेम महिनाभरात मिनोल्टा कंपनीच्या कोनिशी व यामानिशी यांनी तशाच कल्पनेचा अर्ज केला आणि त्यांना १९७६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. तत्त्वाचे श्रेय आओयागींना आणि बोटावरील मापनाचे मिनोल्टाला, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. शस्त्रक्रियागृहांत प्रसार झाला तो १९८० च्या दशकात, अमेरिकी कंपन्यांनी प्रकाश-उत्सर्जक डायोड वापरल्यावर.

उपकरणात सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल व ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतात. ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन अवरक्त, तर ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन लाल प्रकाश अधिक शोषते. दोन्ही प्रकाशांतील स्पंदित व स्थिर भागांच्या गुणोत्तरांची तुलना करून संपृक्तता काढतात. ऊतींमध्ये प्रकाशाचे प्रकीर्णन (विखुरणे) होत असल्याने शोषणावरून पदार्थाचे प्रमाण सांगणारा बिअर-लँबर्ट नियम येथे काटेकोरपणे लागू पडत नाही. म्हणून हे वाचन सूत्रातून निघत नाही, तर निरोगी स्वयंसेवकांवरील अंशशोधनातून, म्हणजे त्यांच्या रक्ताच्या प्रत्यक्ष मापनाशी जुळवून, येते. स्वयंसेवकांची संपृक्तता सुमारे ७०% खाली नेत नाहीत; त्याखालील आकडे अनुमानित असतात. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत वाचन फसवे जास्त येते, तर मेथहीमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारे हीमोग्लोबिनचे रूप) वाढल्यास ते ८५% कडे सरकते.

कोणाच्या त्वचेवर अंशशोधन झाले, हा प्रश्न म्हणूनच गंभीर ठरतो. गडद त्वचेत वाचन जास्त येण्याची शक्यता १९९० मध्येच नोंदली गेली होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात उपकरण ९२ ते ९६% दाखवीत असताना प्रत्यक्ष संपृक्तता ८८% हून कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७%, तर श्वेतवर्णीयांत ३.६% आढळले. अशा चुकीमुळे ऑक्सिजन देण्यास उशीर होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार किमान १० व्यक्तींवरील चाचणी पुरेशी होती; जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ही संख्या १५० किंवा अधिक सुचविली आहे.

शरीराला स्पर्श न करता, चेहऱ्याच्या कॅमेरा-चित्रणातून नाडी टिपता येते, हे २००८ मध्ये साध्या कॅमेऱ्याने व सभोवतालच्या प्रकाशात दाखविले गेले. त्यात हिरव्या रंगातील संकेत सर्वांत ठळक असतो. संपृक्ततेसाठी लागणारा लाल प्रकाशातील संकेत त्यामानाने क्षीण असल्याने कॅमेऱ्याने ऑक्सिजनचे मापन अधिक अवघड आहे.