उष्णतेच्या लाटेतील आरोग्यरक्षण

अतितीव्र उष्म्याच्या काळात ज्यांच्या शरीराला तापमानाचे नियमन पुरेसे जमत नाही, किंवा ज्यांना स्वतःहून थंड जागी जाता येत नाही, अशा व्यक्तींना होणारा अपाय टाळण्यासाठी करावयाची उपाययोजना. वृद्ध, तान्ही मुले, गर्भवती, हृदय, मूत्रपिंड वा मनाचे विकार असलेले रुग्ण, अंथरुणाला खिळलेले लोक आणि उन्हात अंगमेहनत करणारे कामगार यांचा या गटात सामान्यतः समावेश करतात.

भोवतालची हवा त्वचेहून, म्हणजे सु. ३५° से.हून, गरम झाली की शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यास घामाचे बाष्पीभवन हाच मुख्य मार्ग उरतो आणि दमट हवेत तोही अडतो. म्हणून धोका मोजताना साध्या तापमानापेक्षा ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाने दाखवलेले तापमान, म्हणजेच आर्द्र तापमान, अधिक उपयोगी ठरते. मानवी सहनशक्तीची मर्यादा ३५° से. आर्द्र तापमान ही असावी, असे २०१० मध्ये सैद्धांतिक गणितावरून मांडले गेले. पुढे निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगांत दमट हवेत ही मर्यादा सु. ३१° से.पर्यंत खाली आढळली. प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेले हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दुर्बळांसाठी ती मर्यादा याहूनही कमी धरावी लागेल.

विजेच्या पंख्याविषयी मतभेद आहेत. पंखा हवा थंड करीत नाही, हलवतो. त्वचेहून गरम हवेचा झोत अंगाला उष्णता देतो, परंतु त्याच वेळी घाम वाळवून उष्णता काढूनही नेतो; फायदा की तोटा, हे घाम किती सुटतो आणि हवा किती कोरडी आहे यावर ठरते. कोरड्या तप्त हवेत घाम पंख्याशिवायही वाळतो, त्यामुळे तेथे पंखा अपायकारक ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटना ४०° से.च्या वर पंखा वापरू नये असे सांगते. जुन्या सल्ल्यांत हा आकडा ३५° से.च्या आसपास असे. उतारवयात घाम कमी येत असल्याने तरुणांवरून काढलेली मर्यादा वृद्धांना लावणे सयुक्तिक नाही. ओल्या फडक्याने अंग वारंवार पुसल्यास घामाची उणीव बरीच भरून निघते.

शिकागो शहरात जुलै १९९५ मधील लाटेत ७०० हून अधिक अतिरिक्त मृत्यू झाले. त्यानंतरच्या पाहणीत एकटे राहणारे, रोज घराबाहेर न पडणारे आणि अंथरुणाला खिळलेले लोक अधिक दगावल्याचे दिसले. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ मध्ये सु. १५,००० अतिरिक्त मृत्यू झाले व २००४ पासून तेथे राष्ट्रीय योजना सुरू झाली. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेनंतर, २०१३ मध्ये, उष्णता कृती आराखडा लागू झाला. दक्षिण आशियातील तो पहिला मानला जातो. उष्म्याचे बळी मृत्युदाखल्यावर बहुधा हृदयविकाराच्या नावाने नोंदले जात असल्याने असे आकडे नेहमीच्या मृत्युसंख्येशी तुलना करून काढतात.

अशा दिवसांत दुर्बळ व्यक्तीला दिवसातून निदान दोनदा प्रत्यक्ष भेटणे हा सर्वांत मोलाचा उपाय होय. फोनवर ‘बरी आहे’ म्हणणाऱ्या आजींच्या खोलीत खिडक्या बंद, अंगावर जाड पांघरूण आणि पाण्याचा पेला हात न पोचेल इतका दूर, हे भेट दिल्यावरच कळते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून मागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे. मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणारी, घाम रोखणारी व मनोविकारांवरील काही औषधे धोका वाढवतात, तरीही ती परस्पर बंद करू नयेत.

शरीराचे आतील तापमान ४०° से.च्या वर जाऊन बरळणे, तोल जाणे वा बेशुद्धी दिसल्यास तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी उष्माघात नाकारता येत नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर गार पाणी ओतत वारा घालावा. तापावरच्या गोळ्यांचा येथे उपयोग होत नाही, कारण मेंदूने ठरवलेली तापमानाची पातळी वाढलेली नसते, उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा कोलमडलेली असते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.