०.०९ चं वर्गमूळ सुटतं, मग ०.९ चं का नाही?

३६ चं वर्गमूळ ६, म्हणून ती पूर्ण वर्ग संख्या. ३५ चं काढायला गेलात की ५.९१६०७९७... असं चालूच राहतं, आकड्यांचा कुठलाही गट रिपीट होत नाही, म्हणजे अपरिमेय, अपूर्णांकात लिहिताच न येणारं. इथपर्यंत सगळ्यांना येतं. घोळ पुढे आहे, कारण "पूर्ण वर्ग नाही, म्हणजे मूळ अपरिमेय" हे बरेच जण कुठेही लावतात आणि ते चालतं फक्त पूर्णांकांना.

तिथे का चालतं बघा. समजा ३५ चं मूळ एखादा अपूर्णांक आहे, काटछाट करून घेतलेला, वर-खाली काहीच कॉमन उरलं नाही असा. त्याचा वर्ग केला तर तेच अवयव दोनदा येणार, नवीन कुठून येणार? मग छेद उडणारच नाही. ३/२ चा वर्ग ९/४, काहीही करा, पूर्णांक होत नाही. त्यामुळे पूर्णांकाचं मूळ एकतर पूर्णांक, नाहीतर थेट अपरिमेय, अधलंमधलं काही नाही.

दशांशात मात्र सांभाळून. ६.२५ पूर्ण वर्ग संख्या नाही, तरी मूळ सरळ २.५. १६/९ चं मूळ कॅल्क्युलेटरवर १.३३३३ दिसतं म्हणून लगेच अपरिमेय ठोकून देऊ नका, ते ४/३ आहे. आणि ०.०९ चं ०.३ येतं म्हणून ०.९ चंही ०.३ लिहून मोकळे होणारे तर ढिगाने सापडतात! ०.९ म्हणजे ९/१०, वरचा ९ ठीक आहे पण खालचा १० पूर्ण वर्ग नाही, झालं, अपरिमेय. १.४४ सुटतं आणि १४.४ अडतं ते याचमुळे.

मोठा आकडा असेल तर शेवटी २, ३, ७, ८ आहे का बघा, असेल तर पूर्ण वर्ग नाहीच. नसेल तर मात्र अविभाज्य अवयव पाडा: ७२ मध्ये २ तीनदा आणि ३ दोनदा, एक २ जोडीविना राहतो, म्हणून मूळ ६√२.

बाकी ए-फोर कागद बघा, २१० बाय २९७ मिमी. अर्धा केला तरी आकार तसाच राहावा म्हणून लांबी-रुंदीचं गुणोत्तर √२ हवं असतं, पण या मापांचं येतं ९९/७०. बरोबर √२ असतं तर ९९ चा वर्ग ७० च्या वर्गाच्या दुप्पट भरला असता; पण ९९ चा वर्ग ९८०१, ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. फक्त एकाने हुकलं, आणि √२ अपरिमेय असल्यामुळे कितीही मोठे पूर्णांक घेतलेत तरी निदान तेवढ्याने हुकणारच.