कानाने काढलेला मसावि

माझी भाची मालिका मोबाइलवर बघते. हेडफोन नाही की काही नाही, फोन उशीला टेकवलेला. परवा मी तिच्या शेजारी बसले होते. पडद्यावर नायक खिडकीशी पाठमोरा उभा राहून काहीतरी फार गंभीर बोलत होता. भाची म्हणाली, "मावशी, ह्याचा आवाज ऐक ना. काय खर्ज आहे!"

"तो खर्ज फोनमधून येतच नाहीये," मी म्हटलं.

"मग कुठून येतोय?"

"तुझ्या डोक्यातून."

तिने भाग थांबवला. मालिका बघताना ती हे सहसा कुणासाठी करत नाही, तेव्हा आता नीट सांगणं भाग होतं. तेच इथे लिहिते आहे. बरेच जण म्हणतात, पुरुष पुरुषासारखा दिसतो आणि बाई बाईसारखी दिसते, त्यात कॅमेऱ्याचं काय कौतुक? तो समोर आहे ते टिपतो! हा समज कसा ढिला पडतो ते आवाजापासून सुरुवात केली की पटकन कळतं.

बोलताना आपले स्वरतंतू दर सेकंदाला ठरावीक वेळा उघडमीट करतात. प्रौढ पुरुषात साधारण 85 ते 180 वेळा, प्रौढ स्त्रीत 165 ते 255 वेळा. दोन्ही पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले आहेत हे लक्षात ठेवा. आपल्या नायकाचा मूळ सूर 110 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 110 वेळा, धरू. पण गळ्यातून एकटा 110 कधीच निघत नाही. त्याच्यासोबत 220, 330, 440, 550 अशी पटीतल्या सुरांची अख्खी वरात असते.

आता फोनचा स्पीकर बघा. त्याचा पडदा नखाएवढा. खालचा सूर ऐकू येण्याइतका काढायचा तर भरपूर हवा ढकलावी लागते, आणि नखाएवढ्या पडद्याला ते झेपत नाही. चपट्या टीव्हीचे स्पीकरही फार शूर नसतात. आवाजाचा वर्णपट दाखवणारी फुकट अॅप्स मिळतात. माझ्या फोनवर तसलं एक होतं, ते मी भाचीच्या फोनसमोर धरलं. नायकाने एक शब्द लांबवला तशी 220 वर एक दांडी उठली, 330 वर एक, 440 वर एक, कंगव्याच्या दातांसारख्या. 110 ची जागा जवळजवळ सपाट. पहिला दातच पडलेला.

तरीही दोघींना 110 चाच खर्ज ऐकू येत होता, कारण कान शाळेतला मसावि काढतो. 220, 330 आणि 440 यांचा महत्तम सामाईक विभाजक 110. हे सगळे ज्याच्या पटीत आहेत तो सूर हजर असलाच पाहिजे असं श्रवणयंत्रणा गृहीत धरते आणि तोच ऐकवते. जुन्या टेलिफोनची तार 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच वाहून न्यायची, तरी फोन वडिलांचा की आईचा हे कधी विचारावं लागलं नाही, ते बऱ्याच अंशी यामुळेच.

या हरवलेल्या सुरावर शंभर वर्षं भांडण चाललं, आणि ते मला फार आवडतं. 1841 मध्ये ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीवर हवा सोडून सूर काढले आणि दाखवलं, की मूळ सूर अगदी क्षीण असला तरी तोच ऐकू येतो. दोन वर्षांनी त्याला विरोध केला तो गेओर्ग ओहमने. होय, विजेच्या नियमातला तोच ओहम. त्याचं म्हणणं, जो सूर हवेत नाही तो ऐकू येतो म्हणणं हा भ्रम. पुढे हेल्महोल्ट्झसारखा बडा शास्त्रज्ञ ओहमच्या बाजूला गेला आणि झेबेक मागे पडला. तो खालचा सूर कानातच, यंत्राच्या दोषासारखा तयार होत असेल, अशी एक पळवाट शिल्लक होती. 1954 मध्ये लिकलायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने खालच्या पट्टीत मुद्दाम गोंगाट भरला. सूर खरंच कानात तयार होत असता तर त्या गोंगाटात बुडाला असता. तो बुडाला नाही. 1972 मध्ये हाउट्स्मा आणि गोल्डस्टाइन यांनी एक पटीतला सूर डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात सोडला, तरीही मूळ सूर ऐकू आला. दोन कानांची बेरीज फक्त मेंदूतच होऊ शकते.

पण मेंदू मसावि काढतो कसा? एक उत्तर वेळेत आहे. 220 हर्ट्झचं एक आवर्तन 4.55 मिलिसेकंदांचं, 330 चं 3.03 चं, 440 चं 2.27 चं. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणचेतेतले तंतू या आवर्तनांच्या तालावर ठोके देतात. तीन ठेके वेगवेगळे, पण दर 9.09 मिलिसेकंदांनी तिघेही समेवर एकत्र येतात. 9.09 मिलिसेकंद म्हणजेच 110 हर्ट्झ. वारंवारितेचा मसावि काढा नाहीतर आवर्तनकाळाचा लसावि, उत्तर एकच.

आता गंमत बघा. तिन्ही सुरांना 10 ची ढकल दिली: 230, 340, 450. मधलं अंतर अजून 110 च आहे, पण गणिती मसावि झाला 10. कान 10 म्हणत नाही आणि 110 ही म्हणत नाही. तो 113-114 च्या आसपासचा सूर ऐकतो, कारण 230 चा निम्मा 115, 340 चा तिसरा हिस्सा 113.3 आणि 450 चा चौथा हिस्सा 112.5, या सगळ्यांना त्यातल्या त्यात जुळेल असा आकडा तो निवडतो. म्हणजे कानाचा मसावि 'साधारण' असतो, गणिताच्या सरांनी अर्धे गुण कापले असते असा. (इथे भाचीने जांभई दिली. तुम्हालाही आली असेल तर हा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल.)

  

मूळ सुराइतकंच महत्त्व घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीला आहे. प्रौढ पुरुषात ती साधारण 17 सेंटिमीटर, स्त्रीत 14-15. बासरी आखूड झाली की सूर चढतो, तसं इथे स्वरांचा रंग वर सरकतो. पण वयात येण्याआधी मुलगा आणि मुलगी यांच्या पोकळीत फारसा फरक नसतो, तरीही नुसत्या आवाजावरून लोक ते बऱ्याचदा ओळखतात. 1973 मध्ये सॅक्स, लीबरमन आणि एरिकसन यांनी हे तपासलं होतं. शरीराने जे अजून दिलेलं नाही ते मुलं बोलण्याच्या ढबीतून उचलतात, असा त्यातून निघणारा अर्थ. ओठ ताणून हसत बोललं की पोकळी आखूड होते, ओठ पुढे काढून बोललं की लांबते. मालिकेतली गोड सून हसऱ्या ओठांनी बोलते आणि गंभीर थोरला भाऊ ओठ किंचित पुढे काढून बोलतो, तेव्हा दोघंही आपापली बासरी कापत किंवा जोडत असतात.

त्यावर ध्वनिमुद्रक आपला हात फिरवतो. एकाच दिशेचं ऐकणाऱ्या माइकच्या अगदी जवळ तोंड नेलं की खालचे सूर फुगतात. अशा माइकचा पडदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो आणि तो पुढच्या-मागच्या दाबातला फरक मोजतो. तोंड जवळ असलं की खालच्या सुरांपुरता हा फरक एरवीपेक्षा बराच मोठा होतो. निवेदकाचा किंवा नायकाच्या मनातला आवाज भारदस्त वाटतो, त्यात गळ्याइतकाच वाटा या चार बोटांच्या अंतराचा असतो. त्याच नायिकेला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी करून दुरून टिपलं तर भिंतींचा प्रतिध्वनी मिसळतो, आवाज पातळ होतो आणि ती एकटी वाटायला लागते.

कॅमेऱ्याचं मर्मही असंच प्रमाणात आहे. 1983 मध्ये डेन आर्चर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नियतकालिकांतली 1750 छायाचित्रं घेतली आणि पट्टी लावून मोजली. डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर भागिले डोक्याच्या टोकापासून शरीराचा जेवढा खालचा भाग दिसतो तिथपर्यंतचं अंतर. नुसता चेहरा दिसला तर उत्तर 1, पूर्ण माणूस दिसला तर शून्याच्या जवळ. पुरुषांची सरासरी 0.65 आली, स्त्रियांची 0.45. म्हणजे पुरुषाचा चेहरा आणि बाईचं अंग. लोकांना नुसतं 'एक पुरुष काढा, एक स्त्री काढा' म्हटलं तरी चित्रांत हाच कल दिसला. आणि त्याच व्यक्तीचा चेहरा चौकटीत मोठा दाखवला की बघणारे तिला जास्त हुशार ठरवत होते.

कॅमेऱ्याच्या उंचीचंही तेच. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी संगणकावरचे त्रिमितीय चेहरे नुसते पुढेमागे कलवले. मागे कललेले चेहरे जास्त पुरुषी वाटले, पुढे झुकलेले जास्त बायकी. कॅमेरा खाली ठेवला की जबडा भिंगाच्या जवळ येतो आणि कपाळ लांब जातं. वर ठेवला की कपाळ-डोळे मोठे, हनुवटी लहान. नट तोच, हाडं तीच.

प्रकाशाचा प्रयोग तर मला जादूसारखा वाटतो. रिचर्ड रसेल या मानसशास्त्रज्ञाने 2009 मध्ये एकाच, ना धड पुरुषी ना धड बायकी, चेहऱ्याच्या दोन प्रती दाखवल्या. एकीत डोळे-ओठ आणि त्वचा यांच्यातला उजेड-अंधाराचा फरक वाढवलेला, दुसरीत कमी केलेला. पहिली प्रत बाईची दिसते, दुसरी पुरुषाची. नाकाचा, जबड्याचा आकार तसूभर बदललेला नाही. प्रत्यक्षातही स्त्रियांच्या चेहऱ्यात हा फरक सरासरीने थोडा जास्त असतो आणि काजळ-लिपस्टिक तोच वाढवतात. नायिकेवर समोरून पसरट, मऊ उजेड टाकला की गाल उजळतात, डोळे-ओठ गडदच राहतात. नायकावर एका बाजूने कडक दिवा लावला की अर्ध्या चेहऱ्यावर सावली येते आणि ओठ त्या काळोखात विरून जातात. दिवे लावणाऱ्याने रसेलचं नाव ऐकलेलं असायची गरज नाही, डोळ्याला बरं दिसलं म्हणून तो तसं करतो. ही सवय पिढ्यानपिढ्या एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

उरलं संकलन. इथे लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन चित्रपट दिग्दर्शकाच्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो: एकाच नटाचा निर्विकार चेहरा सूपच्या वाटीशेजारी ठेवला तर भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी ठेवला तर दुःखी. मूळ चित्रफीत आज उपलब्ध नाही. 1992 मध्ये दोन अभ्यासकांनी प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नाही, 2016 मध्ये वेगळ्या मांडणीत काही प्रमाणात दिसला. तेव्हा त्यावर फार डोलारा उभारू नये.

मला जास्त वजनदार वाटतो तो साधा प्रश्न: बोलणारा बोलत असताना चित्र कुणाचं दिसतं? पुरुषाचं वाक्य सुरू असतं, अर्ध्यातच कट होतो आणि बाईचा क्लोजअप येतो, डोळे भरलेला. आवाज त्याचा, चेहरा तिचा. कर्ता तो, परिणाम तिच्यावर. आर्चरचा आकडा म्हणूनच मालिकेला जसाच्या तसा लावता येत नाही. मालिकेत बायकांना क्लोजअप ढिगाने मिळतात, पण त्यातले बोलताना किती आणि ऐकताना किती, हे वेगळं मोजल्याशिवाय त्या 0.65 ला अर्थ नाही.

भाचीला हे एवढं मात्र पटलं. तिने वहीच्या पानावर उभी रेघ मारली, एका बाजूला 'बोलतेय', दुसऱ्या बाजूला 'ऐकतेय', आणि भाग पुन्हा सुरू केला. नायिकेच्या प्रत्येक क्लोजअपला एक काडी. पाच काड्या झाल्या की आडवी रेघ. दहाएक मिनिटं पेन्सिल नेमाने चालली. मग नायकाने दार उघडलं, कुणाचं तरी पत्र आलं, आणि पेन्सिल थांबली. मी पान बघितलं. 'ऐकतेय'च्या खाली शेवटची आडवी रेघ अर्धीच राहिली होती.

"अगं, काड्या?"

"थांब ना मावशी, आता तिला कळणार आहे."