बहुकोर प्रोसेसर आणि सर्जनशील सॉफ्टवेअर

चित्रसंपादन, त्रिमितीय रेंडरिंग (आकडेमोडीतून अंतिम चित्र तयार करणे), व्हिडिओ-संपादन व संगीतनिर्मिती यांच्या सॉफ्टवेअरने एकच काम प्रोसेसरच्या अनेक कोरांवर (स्वतंत्रपणे आकडेमोड करणाऱ्या घटकांवर) वाटून एकाच वेळी करून घेण्याची पद्धत. ती रूढ झाली साधारणपणे २००५ नंतर. प्रोसेसरची घड्याळगती (दर सेकंदाच्या ठोक्यांची संख्या) वाढवत नेल्याने उष्णता आवरेनाशी झाली, तेव्हा इंटेल व एएमडी यांनी त्या वर्षी वैयक्तिक संगणकांसाठी दोन कोरांचे प्रोसेसर बाजारात आणले. मात्र दोन स्वतंत्र प्रोसेसर असलेली वर्कस्टेशने १९९०च्या दशकातच वापरात होती व कामाच्या वाटणीचे मूळ तत्त्वही तेच होते. म्हणून सुरुवात तिथून धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

या वाटणीची मर्यादा संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांच्या १९६७ मधील निबंधावरून सांगितली जाते. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र त्या निबंधात नाही. तिथे केवळ युक्तिवाद आहे : कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो एकूण वेगाला मर्यादा घालतो. सूत्ररूप त्याला पुढे मिळाले. कामाचा ९०% भाग वाटता येत असेल, तर ८ कोरांवर वेग सुमारे ४.७ पट होतो आणि कोर कितीही वाढवले तरी १० पटींच्या पुढे जात नाही. संगणकशास्त्रज्ञ जॉन गस्टाफसन यांनी १९८८ मध्ये याला दुसरी बाजू जोडली : जास्त प्रोसेसर मिळाले की माणूस तेच काम लवकर उरकत नाही, मोठे काम हाती घेतो. रेंडरिंगला हा विचार अधिक लागू पडतो. कोर वाढले की कलावंत चित्राचे रिझोल्यूशन वाढवतो, प्रत्येक पिक्सेलमागे जास्त किरण सोडतो. आणि पिक्सेल एकमेकांवर फारसे अवलंबून नसल्याने हे वाढीव काम जवळजवळ सगळेच वाटता येते.

ध्वनीचे तसे नाही. ४८,००० हर्ट्झ नमुनादर (सेकंदाला ध्वनीची ४८,००० मोजमापे) आणि २५६ नमुन्यांचा बफर (एका वेळी प्रक्रिया होणारा तुकडा) असेल, तर सगळी आकडेमोड सुमारे ५.३ मिलिसेकंदांत संपावी लागते. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोरांवर जातात. पण एकाच ट्रॅकवरील इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब या ध्वनिपरिणामांपैकी प्रत्येकाला आधीच्याचे उत्तर हवे असते. त्यामुळे ही साखळी सहसा एकाच कोरावर राहते. सर्व ट्रॅक एकत्र करणारा शेवटचा मास्टर ट्रॅक तर सर्वांसाठी थांबतो. बाकीचे कोर मोकळे असतानाही आवाज तुटतो तो यामुळेच; अशा वेळी जड साखळीचा ट्रॅक आधीच रेंडर करून ठेवणे हाच खरा उपाय.

व्हिडिओ संकेतनात (व्हिडिओ आटोपशीर रूपात साठवण्यात) अवलंबित्व चौकटीच्या (व्हिडिओतील एका स्थिर चित्राच्या) आतही असते. २०१३ च्या एचईव्हीसी या संकेतन-मानकात ठोकळ्यांच्या (पिक्सेलांच्या चौरस गटांच्या) ओळी समांतर चालवण्याची सोय आहे : वरच्या ओळीतले दोन ठोकळे झाले की खालची ओळ सुरू होते. १९२०×१०८० च्या चौकटीत ६४×६४ चे ठोकळे घेतल्यास जेमतेम १७ ओळी भरतात, म्हणजे त्याहून अधिक कोरांना एका चौकटीत काम देता येत नाही.

दुसरा मार्ग अख्ख्या चौकटी वाटण्याचा. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ-परिणामांच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी त्यासाठी प्रोग्रॅमच्याच अनेक प्रती चालत व मेमरी भराभर संपे. ती सोय २०१५ मध्ये काढली गेली. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक चौकटी रेंडर करणारी नवी रचना २०२१ मध्ये आली. माया या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरनेही २०१६ च्या आवृत्तीपासून ॲनिमेशनचे मूल्यमापन (दृश्याची त्या क्षणाची स्थिती काढणे) अवलंबित्वाच्या आलेखानुसार, म्हणजे काय कशावर अवलंबून आहे ते पाहून, समांतर केले.

चित्रसंपादनात मोठे फिल्टर तुकड्यांत विभागले जातात, पण साध्या फिल्टरांत बहुधा मेमरीचा वेगच आधी अपुरा पडतो.