मसावि काढता काढता प्रोग्रॅमिंग

3127 आणि 2491 या दोन संख्यांचा मसावि किती? शाळेतली रीत वापरायची तर आधी दोन्हींचे मूळ अवयव पाडायला हवेत. 2491 सम नाही, म्हणून 2 बाद. अंकांची बेरीज 16 येते, म्हणून 3 बाद. शेवटी 0 किंवा 5 नाही. मग 7, 11, 13, 17 असे एकेका मूळ संख्येने भागून बघत जायचे. भाग जातो तो थेट पंधराव्या मूळ संख्येला, 47 ला. 3127 ची गोष्ट आणखी एक पायरी पुढे: तिला भाग जातो सोळाव्या मूळ संख्येने, म्हणजे 53 ने. कागदाची एक बाजू भरते आणि तेव्हा कुठे कळते की 2491 म्हणजे 47 × 53, 3127 म्हणजे 53 × 59 आणि मसावि 53.

आता दुसरी रीत बघा. 3127 ला 2491 ने भागा, बाकी 636. 2491 ला 636 ने भागा, बाकी 583. 636 ला 583 ने भागा, बाकी 53. 583 ला 53 ने भागा, बाकी 0. जिने भागल्यावर बाकी शून्य आली ती संख्या, 53, हाच मसावि. चार भागाकारांत काम झाले आणि एकही मूळ संख्या शोधावी लागली नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंगचा समावेश सुचवला, तेव्हापासून घरोघरी पालक विचारतात, मुलांना कोणती भाषा शिकवू? पायथन की जावा? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. भाषा काही आठवड्यांत हाताखाली येते. वेळ लागतो तो समोरचे गणित नीट न्याहाळायला, त्याचे तुकडे पाडायला आणि आपण काय गृहीत धरले आहे ते ओळखायला. हे शिकण्यासाठी वरच्या दुसऱ्या रीतीइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

ही रीत इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास अलेक्झांड्रियात होऊन गेलेल्या युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात आहे. ती का चालते, हे समजल्याशिवाय तिचा प्रोग्रॅम लिहू नये. कारण अगदी साधे आहे. जी संख्या दोन संख्यांना निःशेष भागते, ती त्यांच्या वजाबाकीलाही भागतेच. 3127 म्हणजे 59 वेळा 53, 2491 म्हणजे 47 वेळा 53, मग फरक 12 वेळा 53 असणारच. 12 × 53 करून बघा, 636 येतात. उलट बाजूनेही तेच: 2491 आणि 636 यांना भागणारी प्रत्येक संख्या त्यांच्या बेरजेला, 3127 ला, भागणार. म्हणजे मोठ्या जोडीच्या जागी लहान जोडी घेतली तरी सामाईक विभाजक तेच राहतात. प्रश्न लहान झाला, पण उत्तर बदलले नाही. अवघड प्रश्नाला हात घालण्याची ही युक्ती प्रोग्रॅमिंगमध्ये पावलोपावली भेटते.

आता हीच रीत यंत्राला सांगायची. दोन संख्यांना अ आणि ब म्हणू आणि मराठीतच लिहू:

जोपर्यंत ब शून्य नाही, तोपर्यंत हे करत राहा:
– अ ला ब ने भागून येणारी बाकी ‘बाकी’ या नावाने ठेव
– अ मध्ये ब ची किंमत ठेव
– ब मध्ये ‘बाकी’ची किंमत ठेव
ब शून्य झाला की अ हे उत्तर सांग

एवढ्या ओळींत प्रोग्रॅमिंगचा निम्मा पाया येऊन जातो. अ, ब आणि बाकी ही व्हेरिएबल्स. ‘जोपर्यंत-तोपर्यंत’ हा लूप. ‘ब शून्य नाही’ ही त्याची कंडिशन. बीजगणितातला क्ष आणि इथला अ यांत मात्र एक फरक आहे आणि तिथे सुरुवातीला बहुतेक मुले अडखळतात. समीकरणात क्ष ची किंमत शेवटपर्यंत एकच असते. इथे अ ची किंमत प्रत्येक फेरीत बदलते आणि नवी किंमत ठेवली की जुनी कायमची पुसली जाते.

हे पुसले जाणे किती महागात पडते ते बघण्यासाठी ‘बाकी’ची ओळ गाळून टाकू. फक्त दोन ओळी ठेवू: अ मध्ये ब ठेव, मग ब मध्ये अ ला ब ने भागून येणारी बाकी ठेव. वाचताना यात काही खटकत नाही. आता कागदावर चालवून बघा. अ 3127, ब 2491. पहिल्या ओळीनंतर अ झाला 2491, आणि 3127 गेला तो गेलाच. दुसऱ्या ओळीत 2491 ला 2491 ने भागले जाते, बाकी 0. लूप थांबतो आणि यंत्र उत्तर देते 2491. धडधडीत चूक, पण पडद्यावर लाल अक्षर नाही की तक्रार नाही. यंत्राच्या दृष्टीने सगळे सुरळीत पार पडले.

याहून फसवे पुढे आहे. समजा हा चुकीचा प्रोग्रॅम आपण 60 आणि 12 घेऊन तपासला. अ होतो 12, ब होतो 0, उत्तर 12. अगदी बरोबर! एखाद्या मुलाने एवढीच चाचणी घेतली तर तो खुशाल पुढे जाईल. तोच प्रोग्रॅम 12 आणि 60 या क्रमाने चालवला तर उत्तर येते 60. म्हणून टेस्ट केस, म्हणजे चाचणीचे उदाहरण, निवडताना आपले म्हणणे खोटे पाडू शकेल अशी संख्या शोधायची असते. सोपी, गोंडस उदाहरणे बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, झाकतात. ओळीओळीला व्हेरिएबल्सच्या किमती कागदावर लिहीत जाण्याला या क्षेत्रात ड्राय रन म्हणतात. नव्याने शिकणाऱ्याने पहिले काही महिने तरी तो केल्याशिवाय कीबोर्डला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

मूळच्या, बरोबर असलेल्या प्रोग्रॅमकडे परत येऊ. अ लहान आणि ब मोठा दिला तर? वेगळी कंडिशन लिहून अदलाबदल करावी लागेल, असे आधी वाटते. 2491 ला 3127 ने भागले की भागाकार 0 आणि बाकी 2491. पहिल्याच फेरीत अ होतो 3127 आणि ब होतो 2491. अदलाबदल आपोआप झाली! अशा जागा सापडल्या की प्रोग्रॅम लिहिण्याचा खरा आनंद कळतो.

लूप कधीतरी थांबेल हे कशावरून? बाकी नेहमी भाजकाहून लहान असते. म्हणजे ब प्रत्येक फेरीत घटतो, तो ऋण होत नाही आणि पूर्णांकच राहतो, त्यामुळे शून्यावर पोचल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही. भागाकाराऐवजी ‘दोन्ही समान होईपर्यंत मोठ्यातून लहान वजा करत राहा’ असा प्रोग्रॅम लिहिला तर ही खात्री उरत नाही. त्याला 5 आणि 0 द्या. 5 मधून 0 वजा केले तर 5 च उरतात, पुन्हा वजा केले तरी 5 च. तो यंत्र बंद करेपर्यंत फिरत राहील. शिवाय 10,00,000 आणि 3 दिले तर वजाबाक्या तीन लाखांहून जास्त, आणि भागाकार फक्त दोन. उत्तर दोन्हींचे एकच.

भागाकाराच्या रीतीला जास्तीत जास्त किती फेऱ्या लागतील, याचे उत्तर फ्रेंच गणितज्ञ गॅब्रिएल लामे याने 1844 मध्ये दिले: लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीहून जास्त कधीच नाही. सर्वांत जास्त दमवतात त्या 1, 2, 3, 5, 8, 13, 21, 34, 55 या मालिकेतल्या शेजारच्या संख्या. 55 आणि 34 घेऊन बघा, आठ भागाकार लागतात. जग या मालिकेला फिबोनाचीच्या नावाने ओळखते, पण त्याच्या आधी, 1150 च्या सुमारास, आचार्य हेमचंद्रांनी मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना तिचा नियम सांगितला होता.

आपल्याकडे ही भागाकाराची साखळी आणखी एका कामाला जुंपली गेली. इसवी सन 499 मधल्या ‘आर्यभटीय’मध्ये आर्यभटाने कुट्टकाची, म्हणजे दोन अज्ञात संख्यांच्या समीकरणाची पूर्णांक उत्तरे काढण्याची, रीत दिली आणि पुढे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही कुट्टकाचे प्रकरण आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, तेव्हा हे गणित तिथे शिकवले गेले असणार. वरच्या प्रोग्रॅममध्ये आपण बाकी ठेवतो आणि भागाकार सोडून देतो. कुट्टकात तेच भागाकार एकाखाली एक लिहून ठेवतात. या उभ्या मांडणीला वल्ली म्हणतात. मग खालून वर गुणाकार-बेरजा करत गेले की अज्ञात संख्या हाती येतात. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सांगायचे तर ही लिस्ट झाली: एका लूपमध्ये भरायची आणि दुसऱ्या लूपमध्ये उलट्या क्रमाने वाचायची. याच जातीची आकडेमोड आज आरएसए पद्धतीची खासगी चावी, म्हणजे गुप्त माहिती उलगडणारी संख्या, तयार करताना होते.

आरएसए ही 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेली, माहिती गुप्त ठेवण्याची पद्धत. तिच्यात दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करतात आणि त्या दोन संख्या लपवून ठेवतात. सारा भरवसा एवढ्यावरच, की गुणाकारावरून अवयव शोधणे जवळपास अशक्य आहे. 2020 मध्ये अशा एका 250 अंकी संख्येचे अवयव पाडले गेले. त्या कामाचा हिशोब होता, संगणकाच्या प्रोसेसरचा एकच कोअर (आकडेमोड करणारा एक घटक) वापरला असता तर सुमारे 2,700 वर्षे. शाळेतल्या अवयव पाडण्याच्या रीतीची भिंत ती हीच. पण दोन 309 अंकी संख्यांचा मसावि? लामेच्या नियमाने जास्तीत जास्त 1,545 भागाकार, म्हणजे साध्या संगणकालाही क्षणभराचे काम.

2012 मध्ये संशोधकांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी हाच फरक वापरला. त्यांनी इंटरनेटवरच्या जाहीर चाव्या, म्हणजे असे जाहीर केलेले गुणाकार, गोळा केल्या. एका गटाकडे तर एक कोटीहून जास्त वेगवेगळ्या चाव्या जमल्या. त्यांनी प्रश्न विचारला, यांपैकी कोणत्या दोन चाव्यांमध्ये एखादी मूळ संख्या सामाईक असेल का? असेल तर त्या दोघींचा मसावि काढला की ती संख्या उघडी पडते आणि प्रत्येकी नुसत्या एका भागाकाराने दोन्ही कुलपे उघडतात. 3127 आणि 2491 ही अशाच एका जोडीची चिमुकली प्रतिकृती आहे, सामाईक संख्या 53.

अडचण जोड्यांची होती. एक कोटी चाव्यांच्या जोड्या होतात सुमारे 50 लाख कोटी. प्रत्येक जोडीचा मसावि वेगळा काढत बसले तर जलद रीतही तोकडी पडते. इथे पुन्हा प्रश्नाचे रूप बदलले गेले. सगळ्या चाव्यांचा एकच महाकाय गुणाकार करायचा, आणि मग प्रत्येक चावीचा, बाकीच्या सगळ्या चाव्यांच्या गुणाकाराशी, मसावि काढायचा. तो 1 आला नाही की ती चावी संशयित. गुणाकार आणि बाक्या झाडाच्या फांद्यांसारख्या टप्प्याटप्प्याने काढल्या की सगळे गणित तासांमध्ये आटोपते.

निकाल धक्कादायक होता. सुरक्षित जोडणी देणाऱ्या, तपासलेल्या दर दोनशे यंत्रांमागे सुमारे एकाची खासगी चावी अशी हाती लागली. त्यांत बहुतांश राउटर आणि फायरवॉलसारखी छोटी उपकरणे होती. आरएसएच्या गणितात काहीच खोट नव्हती. ही उपकरणे पहिल्यांदा चालू होताच चावी बनवत, आणि त्या वेळी त्यांच्यापाशी यादृच्छिक, म्हणजे अंदाज बांधता येणार नाही अशा, संख्या निवडायला लागणारा गोंधळ जमलेलाच नसे: ना माउस, ना कीबोर्ड, ना डिस्कची हालचाल. त्यामुळे एकाच बनावटीची दोन उपकरणे तीच मूळ संख्या उचलत. ‘संख्या यादृच्छिक असेल’ हे प्रोग्रॅममध्ये कुठे लिहिलेले नव्हते, ते फक्त गृहीत धरलेले होते. संशोधकांनी उत्पादकांना कळवले, आणि त्याच वर्षी लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातला यादृच्छिक संख्या बनवणारा भाग दुरुस्त झाला, जेणेकरून यंत्र सुरू होतानाच्या बारीकसारीक घटना आणि उपकरणाची स्वतःची ओळखही त्यात मिसळली जावी.